शेजारच्या सीटचं वजन

सुताराची रेषा आयुष्यात कधी वाकडी गेली नव्हती, असं निदान सुताराचं म्हणणं होतं. बायकोचं म्हणणं वेगळं होतं, पण ते ती दिवसातून फक्त तीन-चार वेळाच बोलून दाखवायची.

परवा गाडीच्या पुढच्या चाकांना धरणारे खालचे आर्म आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्याने अंगणात स्वतःच बदलले. मग दोरी ताणली, एक डोळा मिटला आणि दाराची चौकट बसवावी तशी दोन्ही चाकं सरळ बसवली. पहिल्याच फेरीत गाडी डावीकडे ओढू लागली आणि कोपऱ्यावरच्या कचराकुंडीला भेटून आली. "रस्ताच वाकडा आहे," सुतार म्हणाला. बायको तिथेच उतरली आणि चालत घरी गेली.

तेव्हापासून तिने गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं. उद्या लेकीच्या नव्या घरी जायचं होतं आणि बाईसाहेब बसने जाणार होत्या. एवढा लांबचा रस्ता एकट्याने कापायचा, वळण चुकलं तर ओरडायलाही शेजारी कुणी नाही, हे सुताराला सोसवेना. म्हणून तर "खिळे आणायला जातो" अशी थाप मारून तो बसस्थानकासमोरच्या गॅरेजमध्ये गाडी घेऊन आला होता.

तिथली चाकांचं अलाइनमेंट करणारी मुलगी गाडीखालून बाहेर आली.

"काका, आर्मचे बोल्ट चाकं हवेत असताना आवळलेत ना? आतले रबरी बुश पिळून बसलेत. गाडी चाकांवर उभी करून पुन्हा आवळते."

"मी तसंच करणार होतो."

"हो, दिसतंय ना," ती गोड हसून म्हणाली.

बोल्ट आवळून झाल्यावर तिने चारही चाकांना मोजमापाच्या पट्ट्या लावल्या, सुताराला त्याच्या जागी बसवलं आणि स्टिअरिंग सरळ धरून अडकवलं. "शेजारी नेहमी कोण बसतं?"

"का?"

"जुनी गाडी, स्प्रिंग मऊ. रोजचं वजन ठेवूनच मी चाकं लावते."

"बायको बसते. म्हणजे, बसायची."

"मग बोलवा काकूंना."

"तिला कामं आहेत," सुतार घाईघाईने म्हणाला.

मुलीने कोपऱ्यातल्या वाळूच्या पिशव्यांकडे बोट दाखवलं. "मग वजन सांगा त्यांचं."

हा प्रश्न सुताराने बायकोला कधीच विचारला नव्हता. संसार टिकण्यामागे तेही एक कारण असावं. तो उतरला, दोन्ही हात पुढे करून मुलीकडून एकेक पिशवी त्यांवर चढवून घेत गेला, डोळे मिटून क्षणभर उभा राहिला आणि म्हणाला, "अजून एक छोटी." पिशव्या सीटवर रचून त्याने त्यांना नीट पट्टाही बांधला. मग तो आपल्या जागी येऊन बसला.

"खिळे मिळाले?"

सुताराचं धाबं दणाणलं. खिडकीत बायको उभी होती. तिची नजर शेजारच्या सीटवर गेली.

"हे कोण?"

मुलगीच म्हणाली, "तुम्ही, काकू."

"एवढी?"

"अगं, तुझा पाय मोडला तेव्हा दवाखान्याची लिफ्ट बंद होती," सुतार पुटपुटला. "तीन मजले तुला उचलून खाली आणलं. हातांना आठवतंय."

"तेव्हा तर म्हणालात, पिसासारखी आहेस!"

"मग काय म्हणणार? तू रडत होतीस."

बायकोला भरून आलं होतं आणि ते लपवायला तिने पदर उगाच दोनदा सारखा केला. मग वळसा घालून तिने पलीकडचं दार उघडलं.

"त्यात प्लास्टरचंही वजन धरलंत तुम्ही. काढा त्या पिशव्या. पण आधी सांगा, रस्ता वाकडा होता का?"

सुताराने पिशव्यांचा पट्टा सोडला. "नाही. रेषा माझीच चुकली."

ती बसली. मुलीने खाली वाकून चाकांना वळवणारे दोन्ही बाजूंचे दांडे थोडे थोडे फिरवले आणि संगणकाच्या पडद्यावरचे लाल आकडे एकेक करून हिरवे झाले.

"बसचं तिकीट काढलंस?" सुताराने हळूच विचारलं.

"काढायलाच आले होते. तेवढ्यात आपली गाडी दिसली."

रिकाम्या रस्त्यावर गाडी नाकासमोर चालू लागली. सुताराचा जीव भांड्यात पडला. त्याने ऐटीत स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून दाखवले. गाडी जराही इकडेतिकडे झाली नाही.

"हात ठेवा स्टिअरिंगवर," बायको म्हणाली. "आता वाळू नाही बसलेली शेजारी."