माडावरचा पत्रा

सकाळपासून पाहुण्यांना बरंच काही दिसलं होतं. सरड्यासारखी इग्वाना दिसली, मोठ्या चोचीचा टूकान दिसला, पांढऱ्या तोंडाच्या एका माकडाने तर कॅनडाहून आलेल्या आजींच्या हातातला बिस्किटांचा पुडाच लांबवला. राहिला होता फक्त स्लॉथ, फांदीला उलटा लटकणारा तो आळशी, संथ प्राणी. तो पाहुण्यांना फिरवणाऱ्या यादिराला वळणावरच्या माडावर दिसला आणि ती जागीच थांबली.

मादी होती. छातीला पिल्लू बिलगलेलं. खोडाभोवती ठोकलेल्या पत्र्यापर्यंत ती चढली, तिथे तिच्या नख्या कर्रकन घसरल्या. तिने पुन्हा हात टाकला, पुन्हा तेच. मग ती सावकाश खाली उतरली आणि दहा पावलांवरच्या विजेच्या खांबाकडे सरपटू लागली.

गेल्या वर्षी याच वळणावर दोन स्लॉथ तारेला चिकटून मेले होते. म्हणून तर जीवशास्त्राची पदवी घेऊन आपल्या गावी, काहुइताला परतलेल्या यादिराने रस्त्यावरून दोर बांधला होता. अलीकडे वळणावरच्या घरातल्या मिस्टर एगबर्टचा हाच माड, पलीकडे जंगलाच्या कडेचं झाड. तारांपासूनचं अंतर, उंची, दोराची जाडी, झोळ, सगळं तिने मोजलं होतं. पण तीन आठवड्यांत दोरावरून खारींशिवाय कोणी गेलं नव्हतं. "आळशीबाईला पूल बांधून दिलास, आता तिकीटही फाड," असं सगळे तिला चिडवत होते.

पत्रा मात्र तिने हिशेबात धरलाच नव्हता. उंदीर चढू नयेत म्हणून इथे माडाला पत्रा ठोकतातच. लहानपणापासून रोज डोळ्यांसमोर असलेला, म्हणूनच न दिसलेला. दोर पत्र्याच्या वर होता आणि स्लॉथ खाली.

"मिस्टर एगबर्ट! पत्रा काढा, लवकर!"

म्हातारा अंगणात टांगलेल्या झोळीत पडून होता. "काढतो की. शिडी मुलीने नेलीय. उद्या आणेल."

"उद्या? ती खांबाशी पोचलीय!"

एगबर्टने मान वर करून पाहिलं आणि तो वयाला न शोभणाऱ्या चपळाईने उठला. "हात लावू नकोस. पिल्लू आहे, फाडून काढेल. बांबू घे."

नारळ पाडायचा लांब बांबू भिंतीला टेकून उभा होता. यादिराने तो खांब आणि मादी यांच्यामध्ये आडवा धरला. मादीने खांबाकडे लांबवलेला हात हवेत थांबला, मग बांबूवर पडला. एक हात, दुसरा, मग पाय. दोघांनी तिला बांबूसकट उचललं, माडाशी नेलं आणि बांबूचं वरचं टोक पत्र्याच्या वर टेकवलं.

आता वाट पाहायची. यादिराने घड्याळ पाहिलं: मिनिटाला जेमतेम दोन मीटर, तेही मध्येच डुलकी नाही लागली तर. केळ्यांचा ट्रक येऊन थांबला.

"कोण मेलं?" ड्रायव्हरने विचारलं.

"अजून कोणी नाही," बांबू धरून एगबर्ट पुटपुटला. "इंजिन बंद कर."

मादी पत्र्याच्या उंचीला आली. थांबली. पिल्लाने मान वळवून खाली जमलेल्या माणसांकडे पाहिलं. मग तिचा हात पत्र्याच्या वरच्या खडबडीत खोडावर गेला, घट्ट रुतला. बांबू हलका झाल्याचं एगबर्टच्या खांद्याला आधी कळलं.

दोराशी ती पुन्हा थांबली. नाक लावून पाहिलं. यादिराला वाटलं, आता खाली उतरणार. पण मादी उलटी लटकली आणि एकेक हात टाकत, अजिबात घाई न करता, रस्त्यावरून निघाली. पलीकडच्या पानांत ती दिसेनाशी झाली तेव्हा ड्रायव्हरने टोपी काढून हवेत फिरवली.

"अगं बाई, फोटो राहिलाच!" बिस्किटवाल्या आजी म्हणाल्या.

यादिरा रस्त्याच्या कडेला बसली. एगबर्टने शहाळं सोलून तिच्या हातात दिलं.

"बांबू इथेच बांधून टाकू," ती म्हणाली. "कायमचा."

"उंदीर चढतील, पोरी."

"चढतील."

"पहिला कुरतडलेला नारळ तुझ्या दारात आणून ठेवणार मी."

"ठेवा," ती म्हणाली आणि तिने शहाळं तोंडाला लावलं. एका दमात प्यायली, अर्धं पाणी हनुवटीवरूनच ओघळलं.