पान उलटण्यापुरतं

मौन हेच संगीताचं अंतिम सत्य, बाकी सगळी त्याची प्रस्तावना — असं सरांनी तिच्या रचनेच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, आणि शेवटच्या शब्दावर टोक मोडून शिशाचा एक काळा ठिपका सुरावटीच्या ओळीवर जाऊन बसला होता. व्हायोलिनवाल्या पोरीनं तो स्वर समजून वाजवला असता तर अंतिम सत्याचा श्रीगणेशाच बेसूर झाला असता. तिनं तो नखानं खरवडला. गेला नाही, पसरला. आता तो लांबवायचा स्वर दिसू लागला.

ठिपक्याखाली सरांनीच काढलेलं एक वर्तुळ. पेन्सिल दोनदा फिरवून, प्रेमानं. वर्तुळात काहीच नव्हतं — म्हणजे संगीताच्या लिपीत होतं : दोन व्हायोलिनं, एक व्हायोला आणि एक चेलो, चौघांच्या ओळींना लटकलेल्या विश्रांतीच्या काळ्या विटा. आठ मात्रा चौघंही गप्प. चौकडीसाठी लिहिलेल्या रचनेत चौकडीच गप्प. ('चौकडी लिहितेय,' असं तिनं आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईनं काळजीनं विचारलं होतं, 'बरी मुलं आहेत ना गं?')

"केवढं धाडस आहे हे," सर काल म्हणाले होते.

धाडस कसलं... घाई. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात वाद्यात गुंतलेले असतात, त्यामुळे त्याच्या कागदावरचं पान अशा जागी संपवायचं की तिथं त्याला उसंत असेल. आणि चौघांची पानं एकाच ठिकाणी तर कधीच संपवायची नाहीत — हे एम.ए.च्या पहिल्याच महिन्यात शिकवतात, पोहण्याच्या वर्गात 'आधी पाणी आहे का बघा' असं शिकवावं तितक्या सुरुवातीला. तिनं ते काम संगणकावर सोपवलं. संगणक निःपक्षपाती, त्यानं चौघांचं पान एकाच स्वरावर संपवलं, तेही रचना ऐन रंगात आलेली असताना. हे ध्यानात आलं तेव्हा रचना जमा करून घेणाऱ्या बाई खिडकी ओढून घेत होत्या. तिनं त्या जागी आठ रिकाम्या मात्रा घुसवल्या. घ्या, उलटा पानं. संपलं. एवढा जन्म त्या मौनाचा.

आणि त्यावर सरांनी बोट ठेवलं होतं. खरंखुरं बोट, शाई लागलेलं.

"हे तुझं आहे," म्हणाले.

सर सभ्य माणूस. दोन वर्षांत त्यांनी तिच्या एकाही रचनेला वाईट म्हटलं नव्हतं. कागद हातात घ्यायचे, मान डोलावत गुणगुणायचे आणि मग अगदी मऊ आवाजात विचारायचे, "छान आहे. कोणाचं आहे?" बस्स. मग ती आपल्या खोलीवर जाऊन शोधायची, आणि सापडायचंच — सुरुवात एका दिवंगत उस्तादाची, मधला भाग दुसऱ्याचा, शेवट खुद्द सरांचा. घर भाड्याचं, भांडी शेजारणीची. आपली म्हणायला फक्त पाहुण्यांची वाट बघायची हौस. आरशात दात घासताना, बसच्या रांगेत, परीक्षेच्या बाकावर तो प्रश्न तिच्या मागे असायचा... कोणाचं आहे? तू गुणगुणतेस ते कोणाचं? औषधांच्या दुकानातली बरी चाललेली नोकरी सोडून तू इथं आलीस, वयानं लहान पोरं तुला ताई म्हणतात, ते सगळं कोणाच्या जिवावर?

म्हणून 'हे तुझं आहे' ऐकल्यावर आधी तिचे कान तापले, मग त्या आठ मात्रा कशा आल्या ते आठवलं.

"सर, ते खरं म्हणजे —"

"नको. मला नको सांगूस. मौन समजावून सांगितलं की त्याचा कढ जातो. परवा परीक्षकांना सांग. त्याच्यावरच बोल."

"मौनावर किती बोलू, सर?"

"अर्धा तास पुरे."

"आणि बाकीची रचना?"

सरांनी माशी हाकलावी तसा हात हलवला. म्हणजे सगळी पदवी त्या आठ मात्रांवर टेकली होती. त्या काढल्या तर उरतं ते परक्याचं. ठेवल्या तर परीक्षकांसमोर उभं राहून, अर्धा तास, चेहरा गंभीर ठेवून, पान उलटण्याच्या सोयीवर तत्त्वज्ञान सांगायचं.

रियाजाच्या खोलीच्या भिंतींना आवाज गिळणारा करडा स्पंज लावला होता आणि 'येथे चहा आणू नये' या पाटीखाली पियानोवर कपांची वर्तुळं उमटली होती. आज ती इथं कात्री आणि चिकटपट्टी घेऊन बसली होती. चौघांचे कागद शेजारी शेजारी चिकटवून लांबलचक पट्टा करायचा : पान उलटायलाच नको, मग मौनही नको. दुपारच्या तालमीत चौघांच्या हाती पट्टे द्यायचे, सरांना जाऊन सांगायचं, सर, चूक झाली. ते विचारतील, मग तुझं काय आहे? सांगीन, चिकटपट्टी.

कात्री चालत होती. पानाची कड दुसऱ्या कडेवर ठेवताना कागद सरकला, तसा आवाज झाला — खस्स — आणि ती थांबली. हा आवाज...

जेवणाचं टेबल. बाबा पेपरामागे. नेहमीसारखी फक्त बोटं दिसत होती, दोन्हीकडून पेपर धरलेली. 'बाबा, मी नोकरी सोडतेय. मला संगीत रचायला शिकायचंय. विद्यापीठात जागा मिळालीय.' आई ताटं पुसता पुसता थांबली होती. पेपर थांबला होता. आणि मग कितीतरी वेळ काहीही नाही, आणि मग — खस्स. त्यांनी पान उलटलं.

बाबा काही बोलले नाहीत; पान उलटलं. तिनं हे मैत्रिणींना सांगितलं होतं, स्वतःला सांगितलं होतं, आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा लागला होता. पहिल्या वर्षी तो तिरस्कार होता. नापास व्हायची वेळ आली तेव्हा ती भविष्यवाणी होती. एकदा तापात तर तिला तो चक्क आशीर्वाद वाटला होता. अर्धा तास काय, त्या मौनावर तिनं मनातल्या मनात दोन वर्षं व्याख्यान दिलं होतं, आणि एकाही परीक्षकानं तिला मध्येच थांबवलं नव्हतं.

पण मी तरी काय घातलं होतं त्या आठ मात्रांत? काही नाही. आणि सरांना त्यात सगळं दिसलं. मग बाबांनी तरी...

तिनं फोन लावला.

"जेवलीस का?" आई म्हणाली.

"आई, मी नोकरी सोडते म्हणाले, त्या दिवशी बाबा काही बोलले का नाहीत?"

"आता हे कुठून काढलंस? परीक्षा आहे ना तुझी?"

"सांग ना. नुसतं पान उलटलं त्यांनी."

"मग? पान संपल्यावर माणूस उलटणार नाही तर काय करणार, चाटणार?"

"आणि बोलले काहीच नाहीत."

"बोलले की. तू कुठं थांबलीस ऐकायला? पान उलटून होईपर्यंत तू जिन्यात होतीस. तुझं हे लहानपणापासून. गोष्टीतला राजा मेला की निघाली उठून, पुढं राणी काय करते ते ऐकायचंच नाही."

तिच्या हातातली कात्री उघडीच राहिली.

"काय म्हणाले?"

"आता मला आठवतंय होय? दोन वर्षं झाली. काहीतरी म्हणाले... लांबलचकच होतं. का ते भाडेकरूंबद्दल होतं? थांब. नाही गं, ते दुसऱ्या दिवशी."

"त्यांना विचार."

"झोपलेत. आणि उठल्यावर विचारलं तर म्हणतील, मी कधी बोलतो? राहू दे. गरम काहीतरी खा."

फोन ठेवल्यावर खोलीतल्या स्पंजानं तेही गिळून टाकलं. दोन वर्षं आपण पान उलटण्याचा आवाज जपून ठेवला, आणि उलटलेल्या पानावर काय होतं ते... तिनं पट्टे गुंडाळून बगलेत मारले आणि तालमीच्या खोलीकडे निघाली, जिना उतरताना चुकून एक मजला जास्त उतरली, पुन्हा वर आली.

चौघं आलेली होती. पहिलं व्हायोलिन वाजवणारी मुलगी, जिला साऱ्या विभागात सगळ्यांआधी सगळं कळायचं, दुसरी, जी पहिलीकडे बघून वाजवायची, उंच चेलोवाला, आणि व्हायोलावाले काका, निवृत्तीनंतर शिकायला आलेले, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणारे.

"ताई, ते मौन काय आहे हो," पहिली म्हणाली. "मी काल घरी नुसतं मौन वाजवून बघितलं. रडू आलं."

"आम्हालाही येतं, तू वाजवलंस की," चेलोवाला म्हणाला.

पट्टे बगलेतच होते. आधी एकदा जुन्या कागदांवरून ऐकू, मग सांगू, असं म्हणून ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली.

वाजू लागलं. सुरुवात — हो, ती उस्तादांची. मधला भाग, ओळखीचा... ती नेहमीसारखी चोरी पकडत होती, आणि मग ती जागा आली. चार कमानी तारांवरून उचलल्या गेल्या. चार हात एकदम पुढं झाले. खस्स... आणि तिचं अंग सवयीनं उठायला निघालं. खरोखर, खुर्चीचा हात धरून ती अर्धी उठली, जिन्याकडे निघाल्यासारखी. मग खाली बसली. थांब, तिनं स्वतःला म्हटलं, या खेपेला थांब, राणी काय करते ते ऐकून जा.

आठ मात्रा सरल्या. दोन व्हायोलिनं आणि चेलो वेळेवर आत आले. व्हायोला आला नाही. काकांचं पान अजून हवेत होतं, दोन पानं एकदम आली होती, ते एक सोडवत होते. आणि बाकीचे तिघं त्याच्याविना पुढं गेल्यावर, उशिरा, मागून, काहीतरी सांगायचं राहून गेलेल्या माणसासारखा तो खर्जातला स्वर आला. जाड, घाईचा, जरासा ओशाळलेला. असं तिनं लिहिलं नव्हतं. असं तिनं कुठं ऐकलंही नव्हतं. कोणाचं आहे? — प्रश्न आला, सवयीनं, मऊ आवाजात, आणि पहिल्यांदाच तिला उत्तर शोधावंसं वाटलं नाही. तिला फक्त तो स्वर पुढं काय म्हणतो ते ऐकायचं होतं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. बगलेतले पट्टे कधी घसरून पायाशी पडले ते तिला कळलं नाही.

रचना संपली. पहिलीनं डोळे पुसले. कोपऱ्यात ती उठून उभी राहिली. आणि तिला वाटलं, आता आपल्याला बोलता येईल, मौनावर नाही, त्याच्या नंतरच्यावर, उद्या परीक्षकांसमोर, किंवा आज संध्याकाळी घरी फोन करून, बाबा जागे असताना. पहिलं वाक्य ओठांवर आलंसुद्धा.

तेवढ्यात काकांनी शाळेतल्या मुलासारखी कमान वर केली.

"संगीतकार बाई, एक विनंती होती. ते तुमचं मौन दोन मात्रा वाढवून द्या की. बोट ओलं केल्याशिवाय मला पान सुटत नाही."