बायजाबाईच्या घरातला शूळ

मी शूळ बोलतोय. दचकलात? माझं नाव ऐकलं की माणसाचा हात पोटावर जातोच.

तसा मी मूळचा लोखंडी. जुन्या काळी गुन्हेगाराला ज्या अणकुचीदार खांबावर चढवत, तो शूळ म्हणजे मी. पोटात कुणी तसंच लोखंड खुपसतंय असं वाटून माणसं गडाबडा लोळू लागली, तेव्हा वैद्यांनी त्या दुखण्याला माझंच नाव दिलं. खांब गंजून गेले. मी मात्र माणसांच्या तोंडात राहायला आलो.

वडखळच्या पुढं, खाडीकाठी, मिठागरावर राबणाऱ्या बायजाबाईच्या घरात मला बंदी होती. तिचा नवरा काळुराम "शूळ उठला गो!" म्हणून ओरडला आणि दिवस मावळायच्या आत गेला. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं, की नाव घेतलं का हा येतो. त्या घरात मला नुसतं 'त्यो' म्हणत. अहो, नाव घेतल्यानं कुणी येतं होय? पण माझं ऐकतो कोण!

एकाहत्तर साली तिची सून चंद्रावती कळांनी वाकली. बायजाबाईनं तिला एस्टीत घालून पेणला नेलं.

"कसं दुखतंय? आत काही खुपसल्यासारखं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी चंद्रावतीच्या दातांमागं उभा होतो. बोल गो पोरी, बोल! तिनं तोंड उघडलं. सासूनं तिच्या दंडाला चिमटा काढला आणि आपणच उत्तर दिलं.

"काय नाय डाक्तर, वाईच पोट गुबारलंय."

चंद्रावतीनं मुकाट मान हलवली. डॉक्टरांनी औषधाची बाटली दिली, कळ वाढली तर तडक परत आणा म्हणाले. कळ परतीच्या एस्टीतच वाढली. पण तिनं ओठ आवळून धरले ते धरलेच. वडखळ यायच्या आत तिचा श्वास थांबला, तोंडात गार झालं. मी तिथंच होतो, न उच्चारलेला.

आज बायजाबाईची नव्वदी उलटली आहे. रोज दिवेलागणीला ती उंबऱ्यावर बसते आणि खाडीकडं तोंड करून मला हाका मारते.

"शूळा, ये रं. आता माज्या पोटात ये."

शेजारणी पोरांना आत ओढतात, दारं लावून घेतात.

तुम्ही तरी दवाखान्यात माझं नाव घ्यायला भिऊ नका. तेवढ्यासाठीच मी आहे. आणि बायजाबाई, तुझ्या जिभेवर बसून माझा जीव तुटतो गो. मी नुसता शब्द हाय. हाक मारली म्हणून मला येता येत नाय. काळुरामानं मारली, तेव्हाही मी आलो नव्हतो.