लवंग वगळून

जिन्याच्या दुसऱ्या वळणावरच मला वास आला आणि पाय जागीच थांबले. रम. तिच्यामागे सफरचंद, दालचिनी, संत्र्याची साल. आणि सगळ्यांच्या वर, घरमालकिणीसारखी हातपाय पसरून बसलेली लवंग.

माझं नाक आमच्या इमारतीत प्रसिद्ध आहे. शेजारणीचं दूध उतू जायच्या बेतात असलं की तिच्याआधी मला कळतं. पण या नाकाची खरी तालीम झाली ती नवऱ्यामुळे. नवरा बारमध्ये कामाला आहे. काउंटरमागे उभा राहून लोकांना पेयं बनवून देतो, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. मधली काही वर्षं तो लोकांना एक देता देता स्वतःलाही एक देत होता. घरी येताना वाटेत लवंगा चघळायचा. दार उघडलं की आधी लवंग आत यायची, मग तो. विषय कधी निघाला नाही. त्याने काढला नाही आणि मी मूग गिळून बसले. मग गेल्या पानगळीत एकदा जेवताना तो म्हणाला, "मी सोडली." मी म्हटलं, "बरं." आणि भाजी वाढली. त्या विषयावरचं आमचं सगळं संभाषण एवढंच.

बरं म्हटलं खरं, पण मनाशी एक ठरवून टाकलं होतं. पुन्हा एकदा जरी तो वास आला, तरी बॅग भरायची आणि निघायचं. भांडण नाही, रडारड नाही. तेव्हापासून तो कामावरून आला की पिशवी घ्यायच्या निमित्ताने मी दारातच त्याच्याजवळ जाते आणि श्वास आत ओढते. न चुकता.

आज त्याची सुट्टी होती आणि मी लवकर येणार हे त्याला माहीत नव्हतं. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. दुपारी तिथलं यंत्र बिघडलं आणि आम्हाला घरी सोडलं. म्हणजे जे काही चाललं होतं ते माझ्या मागे चाललं होतं. पण खरं सांगते, भीतीशेजारी कुतूहलही होतं. रमच्या वासात दालचिनी कशाला? चोरून पिणारा माणूस संत्री सोलत बसत नाही. मी किल्लीचा आवाज न करता दार उघडलं.

स्वयंपाकघरात टेबलाशी माझी आई बसली होती. एका स्टुलावर ती, दुसऱ्यावर तिचा ऑपरेशन झालेला गुडघा. गुडघ्यामुळेच ती सध्या आमच्याकडे राहते. तिच्यासमोर छोट्या वाट्यांची रांग होती, हातात चमचा, आणि वाट्यांमागे रमची बाटली. माझी ही आई खोकल्याचं औषधसुद्धा चार वेळा लेबल वाचल्याशिवाय घेत नाही.

"ये गं, बरी आलीस," ती म्हणाली. "जावईबापूंना जीभ हवी होती. मी दिली."

नवरा गॅसपाशी होता. पातेल्यात काहीतरी रटरटत होतं. मला बघून त्याचा चेहरा उतरला.

"मी चाखलेलं नाही," तो म्हणाला.

"मी विचारलं का?"

मग सगळा उलगडा झाला. बारच्या मालकांना पानगळीसाठी नवीन कॉकटेल हवं होतं, मसाल्याचं, उबदार. उद्याच दाखवायचं होतं. "ठरलेली पेयं मापाने होतात," नवरा म्हणाला, "त्यांना जीभ लागत नाही. नवीन करायचं तर कुणीतरी चाखायला लागतं. आणि मी चाखायचं नाही असं ठरलंय."

"म्हणून माझ्या आईला प्यायला बसवलंस?"

"चमचा चमचा गं," आई म्हणाली. "आणि मी आपण होऊन हो म्हटलं. जन्मभर ऐकत आले, दारूपायी याचं घर गेलं, त्याची नोकरी गेली. म्हटलं, एवढं आहे तरी काय त्यात, एकदा बघू तरी."

"मग? काय आहे?"

"काही नाही. तोंड पोळतं. लोक वेडे आहेत."

मला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं. ते आवरत मी पिशवी ठेवायच्या निमित्ताने नवऱ्याजवळ गेले आणि श्वास ओढला. काही उपयोग नाही. वाफ सगळीकडे होती. त्याच्या केसांत, शर्टात, पडद्यांत. टेबलावर रम सांडली होती, त्याच्या बोटांना संत्र्याचं तेल लागलं होतं. आता तर माझ्याही ओढणीला तोच वास येत असणार. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या नाकाने हात टेकले. तो प्यालाय की नाही, मला कळत नव्हतं.

निघावं का? पण जायचंच असलं तर तासाभरानेही जाता येतं, आणि पातेल्यात काय शिजतंय हे बघितल्याशिवाय जाणं माझ्या स्वभावात नाही. मी पर्स खुंटीला लावली.

नवऱ्याने शेकरमध्ये मापाने रम ओतली. पातेल्यातला पाक घातला, म्हणजे सफरचंदाचा रस मसाले टाकून आटवलेला. लिंबू पिळलं, बर्फ टाकला आणि शेकर खांद्याशी धरून हलवू लागला. हलवताना तो मान तिरकी करून बर्फाचा आवाज ऐकत होता. आवाज बदलल्यावर थांबला आणि वाटीत चमचाभर गाळलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्याला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. कामावरून जे घरी यायचं तेवढंच मला ठाऊक होतं. हा माणूस कामात इतका देखणा दिसतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याचा मला थोडा रागही आला.

आईने डोळे मिटून घोट तोंडात घोळवला. तिने आयुष्यभर लोकांचे कोट आणि शर्ट शिवले. चवीबद्दल बोलायची तिला सवय नाही, कपड्याबद्दल मात्र आहे.

"खांद्यात छान बसलंय," ती म्हणाली. "पण खाली झोळ येतोय. लोंबतंय."

नवऱ्याने क्षणभर विचार केला. "म्हणजे शेवटी गोड उरतंय." त्याने लिंबू वाढवलं.

"आता गळा आवळला."

त्याने थेंबभर मध घातला.

"हां. आता बाह्या मोकळ्या झाल्या. पण पाठीत काहीतरी कमी आहे."

पाठ म्हणजे काय, यावर दोघांची गंभीर चर्चा झाली. शेवटी सुंठ निघाली. मला राहवेना. "असं एकेक चाखून कळत नाही," मी म्हटलं. "दोन वाट्या शेजारी शेजारी ठेव. आई, ही बरी की ती?" दिवसभर दुकानात मी हेच विचारते, आणि भल्याभल्यांना आपल्याला काय दिसतंय ते त्यानेच उमगतं. जायफळ किसून एका वाटीत, दुसरीत नाही. ही बरी की ती? साल पातळ सोललेली आणि जाड सोललेली. ही की ती? आईचे गाल लाल झाले होते आणि ती परीक्षकासारखी बोट वर करून निकाल देत होती. अर्धा तास आम्ही तिघं एकाच कामात असे गुंतलो होतो की कोण कुणावर नजर ठेवून आहे हे मी विसरले.

पण एका ठिकाणी गाडं अडलं.

"टाचणी राहिली आहे आत," आई म्हणाली. "सगळं बसलंय, तरी कुठेतरी टोचतंय."

नवऱ्याने सुंठ कमी केली. टाचणी तिथेच. साल काढून टाकली. तिथेच. तो वैतागला, मग माझ्याकडे वळला.

"तू चाखू नको. नुसता वास घे. तुझ्या नाकाला कळेल."

आपण काय मागतोय हे त्याला माहीत नव्हतं. मला तर जिन्यातच कळलं होतं. मी गप्प बसू शकले असते. उद्या मालकांनी नापसंत केलं असतं आणि मामला संपला असता. पण तासभर त्याला राबताना पाहिलं होतं, आणि इतकं जमत आलेलं काम बिघडू द्यायला जीव होईना.

"लवंग," मी म्हटलं.

"लवंग?" तो पातेल्यावर वाकला. "लवंग तर हवीच या मसाल्यात. आणि मला तर जाणवतही नाहीये."

"तुला नाही जाणवायची. किती टाकल्यास?"

त्याने डबी उघडून आत पाहिलं. डबी जवळपास रिकामी होती. आपण एवढ्या कधी टाकल्या, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

"पण जावईबापूंना लवंग फार आवडते," आई म्हणाली. "नेहमी खिशात असायची. मी यायची तेव्हा मुद्दाम निवडून आणायची, फुलासकट, चांगली जाड."

पातेलं तेवढं रटरटत राहिलं. आईने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चमचा खाली ठेवला. तिला काय कळलं, किती कळलं, कोण जाणे. "माझे कान गरम झालेत," ती म्हणाली. "मी पडते जरा. नवीन झालं की हाक मारा." भिंतीला हात लावत ती आत गेली.

नवऱ्याने गॅस बंद केला.

"तुला कळायचं," तो म्हणाला.

"पहिल्या दिवसापासून."

"लवंग खाऊनसुद्धा?"

"लवंगेमुळेच. नुसता रमचा वास आला असता तर म्हटलं असतं, कुणीतरी अंगावर सांडली असेल. लवंग कुणी कुणाच्या अंगावर सांडत नाही."

त्याने लवंगांची डबी बंद केली. मग म्हणाला, "बोलली का नाहीस कधी?"

"तू लपवत होतास तोवर वाटायचं, याला अजून लाज वाटते आहे. मी बोलले असते तर लपवायचं कारणच संपलं असतं. मग तू माझ्यादेखत प्यायला असतास." हे मी स्वतःशीही कधी इतकं सरळ बोलले नव्हते.

त्याने सगळा पाक मोरीत ओतला. पातेलं दोनदा घासलं, नवा रस घेतला, दालचिनी टाकली, सुंठ, साल. हात सवयीने डबीकडे गेला आणि परत आला. हळूहळू वाफ बदलली. लवंग गेल्यावर सफरचंद कसं पुढे आलं, ते मला फार आवडलं. रस आटायला वेळ लागतो. आम्ही दोघं पातेल्याकडे बघत उभे राहिलो.

"दारात पिशवी घेतेस ना रोज," तो म्हणाला. "ती कशासाठी ते मला माहीत आहे."

माझे कान तापले. मी तर एक थेंबही घेतला नव्हता.

"आज काय कळलं?" त्याने विचारलं.

"काही नाही. घरभर तोच वास आहे."

"मग नाकाला विचारतेस ते मला विचार."

साधा प्रश्न होता, पण तो ओठांवर यायला वेळ लागला. इतक्या वर्षांत मी तो तोंडाने एकदाही विचारला नव्हता.

"तू आज प्यालास?"

"नाही."

स्पष्ट होतं, माझ्याकडे बघून म्हटलेलं. पण दुकानात लोक अक्षर दिसत नसलं तरी दिसतंय म्हणतात. तिथे मी थांबत नाही, पुढचं विचारते.

"प्यावीशी वाटली?"

त्याने पळी फिरवली. बराच वेळ फिरवली.

"हो," तो म्हणाला. "दुपारी. बाटली उघडली, मापात ओतली, आणि माप हातातून खाली ठेवता येईना. आई आत झोपल्या होत्या. मी त्यांना हाक मारली."

"चाखायला."

"नाही. समोर कुणीतरी बसावं म्हणून. त्या डोळे चोळत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, काय हवंय? काय सांगणार? म्हटलं, जीभ हवी आहे."

हे ऐकून मला भीती वाटली. पण तेव्हाच त्याचं आधीचं 'नाही' मला खरं वाटलं.

आतून आईच्या घोरण्याचा आवाज येत होता. पाक तयार झाला होता आणि बाटलीत अजून निम्मी रम होती. मी आईच्या वाट्या बाजूला सारल्या, तिचं स्टूल पुढे ओढलं आणि त्याच्या समोर बसले.

"मापात ओत," मी म्हटलं. "मी आहे इथे."