मिठाचा खडा

“मग कोल्ह्यानं धनगराचं पागोटं डोक्याला बांधलं आणि मेंढरं बाजारात नेऊन विकली,” मी म्हणालो.

ठमीनं पुस्तकावरून डोळे उचलले. मिठागराच्या बांधावर बसून ती वाचायची, मी ऐकायचो. मी तिथला राखणदार, अक्षरशत्रू. पण गोष्टी सांगण्यात माझा हात धरणारा अख्ख्या खाडीत नाही. एका वर्षी इथले डास एवढे माजले की मिठाच्या गोणी उचलून पलीकडे नेत. दोन तर मीच भांडून परत आणल्या. बाकी माझ्या खोपटाकडे बगळेसुद्धा फिरकत नाहीत.

पोरगी वाचायची झकास, शाळेतल्या चालीवर, डुलत डुलत. पण गेल्या परीक्षेला शाळा तपासायला आलेल्या डिपोटीनं विचारलं, धड्यातलं मेंढरू कुणाचं हरवलं, तर हिनं पुढची ओळ म्हणून दाखवली. नापास. यंदा तसंच झालं तर शाळा बंद आणि डोक्यावर मिठाची पाटी, असं तिच्या बापानं, गुणाजीनं बजावलं होतं.

म्हणून मी डाव काढला. तिनं धडा वाचायचा, मी तोच सांगायचा, मध्येच एक थाप घालून. थाप पकडली की तिनं मिठाचा खडा माझ्या पुढ्यात टाकायचा.

आधी ती कोल्ह्याचं पागोटंही खरं मानायची. मग थांबून वाचू लागली, मागे जाऊन बघू लागली.

“खोटं हाय, आजा. कोल्हा धड्यातच न्हाय.”

शिमग्यापर्यंत माझ्यापुढे खड्यांचा ढीग झाला.

डिपोटी येऊन गेला. ठमी पास झाली, नवं पुस्तक घेऊन बांधावर आली. खुशीत मी माझी लाडकी गोष्ट काढली. माझा लेक सदू बोटीवर मोठा खलाशी झालाय, साहेब त्याला विचारून बोट हाकतात, नारळी पौर्णिमेला तो बोलका पोपट घेऊन येणार.

सदूचा मचवा खाडीच्या तोंडाशी बुडाला, हे गावात मोठ्यांना ठाऊक आहे. माझ्यापुढे कुणी बोलत नाही. पोरांना तर कुणी सांगतच नाही.

सवयीनं मी थांबलो. ठमीनं खडा उचलला होता.

“गेल्या साली तो घोडा आणणार व्हता,” ती हळू म्हणाली.

मी खाडीकडे बघत राहिलो. ती माझ्याकडे बघत होती. धडा वाचताना मागे जाऊन बघायची, तशी. मग तिनं खडा माझ्या पुढ्यात न टाकता बाजूला ठेवला आणि जवळ सरकून बसली.

“मग पुढं, आजा?”

पुढचं मला काही सुचेना.