क्रुसापाशी पुरलेली बरणी

"आधी गाठ काढली होती ना? तिचा रिपोर्ट कुठाय?" डॉक्टर अश्लेषांनी विचारलं आणि कॅथरिनने नवऱ्याकडे पाहिलं.

गाठ फेबियनच्या खांद्यावरची. राजोडीच्या वाडीतले केळीचे लोंगर वाहून वाहून घट्टा पडला असेल, म्हणून घरच्यांनी वर्षभर काणाडोळा केला. मग जवळच्या एका दवाखान्यात ती काढली, औषधाच्या पाण्याच्या बरणीत घालून बरणी कॅथरिनच्या हातात दिली. तिथले डॉक्टर म्हणाले, "चरबीची वाटते, तरी लॅबमध्ये द्या."

चरबीचीच, तर तपासायचं काय डोंबल! शिवाय बाप्तिस्मा झालेल्या माणसाचं मांस ते, लॅबवाले बघून कचऱ्यात फेकणार. सासूबाईंचा मधुमेहात कापलेला अंगठासुद्धा चर्चच्या मातीत पुरला होता. कॅथरिनने वाडीतल्या क्रुसापाशी खड्डा केला, बरणी पुरली, प्रार्थना म्हटली आणि नवऱ्याला सांगून टाकलं, रिपोर्ट चांगला आला.

आता त्याच व्रणाखाली नवी गाठ उठली होती.

"चांगला होता रिपोर्ट. हिनेच आणला," फेबियन म्हणाला.

"चरबी असेल तर थोडक्यात भागेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण कातडीतला एक दुर्मीळ कॅन्सर असतो. तो सहसा लांब जात नाही, जागच्या जागी हरळीसारखा पसरतो. तो असला तर चहूबाजूंनी रुंद कापावं लागतं, नाहीतर पुन्हा उगवतो. नवा तुकडा तपासूच, पण व्रणातला तुकडा कधीकधी फसवतो. पहिली अख्खी गाठ मिळाली तर बरं."

गप्प बसावं, असं कॅथरिनला फार वाटलं. पण आपण गप्प बसलो आणि नवरा गेला तर?

"रिपोर्ट नाहीये," ती म्हणाली. "गाठ मी पुरली."

फेबियन बघतच राहिला. "कुठे?"

"क्रुसापाशी."

घरी पोचताच ती कुदळ घेऊन क्रुसापाशी गेली. कॅथरिनने दोन घाव घातले आणि बरणी फुटेल या धास्तीने कुदळ फेकून हातांनीच माती उकरली. नखं सोलवटली. बरणी निघाली. झाकण घट्ट होतं, आतलं पाणी जसंच्या तसं.

लॅबमध्ये त्या गाठीत तोच कॅन्सर निघाला. खांद्याचा तळहाताएवढा भाग काढला. ऑपरेशननंतर नर्सने कॅथरिनपुढे पुन्हा एक बरणी धरली, ही मोठी.

"खाली लॅबमध्ये द्या. कडा स्वच्छ आहेत का, ते यातूनच कळेल."

झाकणावर अंगठ्याने क्रुसाची खूण करून कॅथरिनने बरणी लॅबच्या खिडकीत सरकवली. आतल्या माणसाने ती उचलून नेईपर्यंत ती तिथून हलली नाही.

रिपोर्ट आला तेव्हा फेबियन खाटेवर बसला होता. तिने मोठ्याने वाचलं. कडा स्वच्छ होत्या, आत काही उरलं नव्हतं.

फेबियनने धडधाकट हात पुढे केला.

"दे इकडे."

त्याने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सगळा रिपोर्ट स्वतः वाचला. तो वाचत होता तोवर कॅथरिन समोर उभी राहिली.