एक टोक की दोन

"दोन," अण्णा म्हणाले. डोळे घट्ट मिटलेले, डावा हात टेबलावर उताणा.

"बरं. आता?"

"दोन. अगं, सांगतोय ना!"

माझ्या हातात कर्कटक होतं, टोकं घासून बोथट केलेलं. कधी दोन्ही टोकं बोटाला एकदम टेकवायची, कधी एकच, आणि समोरच्यानं डोळे मिटून सांगायचं, एक की दोन. कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. हा प्रयोग इतक्या वेळा घेतलाय की झोपेतही घेईन. पण सख्ख्या वडिलांवर घ्यायची पाळी येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

झालं असं की मध्यंतरी अण्णांना मेंदूचा छोटा झटका येऊन गेला. बोलणं-चालणं ठणठणीत, फक्त डावा हात जरा बधिर. परवा माझ्या भावाला, दादाला, त्या हातावर भाजल्याचा टम्म फोड दिसला. अण्णांना पत्ताच नाही!

"वाचत होतो. लक्ष नव्हतं," ते म्हणाले.

"लक्ष नव्हतं, की हाताला कळतच नाही?" दादा म्हणाला. "कळत नसेल तर गॅसपाशी एकटं राहायचं नाही. सामान भरायचं आणि माझ्याकडे यायचं."

दादा वाईट नाही हो. पण त्याच्या घरी टीव्ही कधी बंद होत नाही, आणि अण्णांच्या पुस्तकांना तिथे जागा नाही. आपल्या घरातून अण्णांना हलायचं नव्हतं, म्हणजे नव्हतंच. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला विचार. हिचं शास्त्र आहे ना? घेऊ दे परीक्षा. ती म्हणेल तसं."

हिचं शास्त्र, हा टोमणा बरं का! अण्णांनी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. मी मानसशास्त्र घेतलं तेव्हापासून आमची जुंपलेली.

"मन म्हणजे काय बटाटे आहेत, तराजूत टाकायला?"

"मन नाही मोजत, अण्णा. त्याला केवढा फरक जाणवतो, तेवढं मोजतो."

"आणि जाणवलं, हे सांगतो कोण? ज्याचं मन तोच ना? मग तुझं यंत्र काय कामाचं?"

इथे अण्णांची कळी खुलायची. वर आणखी ऐकवायचे, "तुमच्या शास्त्राची पहिली मोठी प्रयोगशाळा थाटणारा गृहस्थ तत्त्वज्ञानाचाच प्राध्यापक होता, विसरू नकोस. तुम्ही आमच्याच घरातले. वेगळं बिऱ्हाड केलंत म्हणून एवढी मिजास नको."

तर असे अण्णा माझ्यापुढे हात पसरून बसले होते आणि दादा दाराला टेकून बघत होता. उत्तरं पटापट येत होती. दोन, दोन, दोन. मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू! पण खरं सांगायचं तर मी प्रत्येक वेळी दोन्ही टोकंच टेकवत होते. मधूनच एक टेकवायला हवं होतं, पण माझा हातच धजत नव्हता. एखाद्या विद्यार्थिनीनं असं केलं असतं तर मी तिला वर्गाबाहेर काढलं असतं.

शेवटी माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी कर्कटक बोटाच्या वर, हवेतच धरलं.

"आता?"

"दोन!" अण्णांनी ठणकावून सांगितलं.

दादानं पाहिलं होतं. तो काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "अण्णा, मी टेकवलंच नव्हतं."

त्यांनी डोळे उघडले. आता चिडतील, असं मला वाटलं.

"मी खोटं नाही बोललो. मला जाणवली गं, दोन टोकं."

"माहीत आहे, अण्णा. खूप हवं असलं की जाणवतं."

ते हाताकडे बघत राहिले आणि मग चक्क हसले. "जन्मभर पोरांना सांगत आलो, ज्याची जाणीव त्यालाच ठाऊक, तिथे दुसऱ्याचं काम नाही. आणि माझाच साक्षीदार फुटला की!"

"बास झालं, अण्णा," दादा म्हणाला.

मला राहवलं नाही. "तुम्ही राहा इथेच. दादाला मी समजावते. काहीतरी करू आपण."

"गप्प बस. परीक्षेत वशिला लावतेस?" अण्णांनी मला झापलं. "आणि मघाचा तुझा प्रयोग कच्चा होता, मला कळत नाही होय? नीट घे आता. मीही नीट सांगतो. हवं ते नाही, असेल ते."

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मी दोन्ही टोकं अंगठ्यावर टेकवली. टेकवली कसली, दाबलीच, कातडीला खळगे पडेपर्यंत. लागू दे, ओरडू दे मला, असं मनात म्हणत होते.

अण्णांनी घाई केली नाही. कपाळाला आठ्या घालून, कान दिल्यासारखे ते बराच वेळ बसून राहिले.

"काही नाही," ते म्हणाले.

दादानं तोंड फिरवलं. मी कर्कटक उचलून घेतलं.

"थांबलीस का?" अण्णांनी डोळे न उघडता विचारलं. "पुढचं बोट घे."